येतं सगळं, पण पेपरात उतरत नाही

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऐरोलीत एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. गेल्या महिन्यात ठाण्यातल्या डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अडचणीचं, निदान केलं. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पेपरात मात्र अर्धं सोडून येतो. डायरीत रोज शेरा असतो. होमवर्कला तीन-तीन तास लागतात, शेवटी तो रडतो आणि मी ओरडते. क्लासच्या सरांनी ‘याला आणू नका’ म्हणून सांगितलं. शाळा म्हणते, शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्या शेजारी बसणारी शिक्षिका) ठेवा नाहीतर दुसरी शाळा बघा. सासूबाई म्हणतात, याचा बाप लहानपणी असाच होता, मोठा झाला की सुधारेल. डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्यात, त्याची भीती वाटते. मी महापेला नोकरी करते, घरी पोचायला सात वाजतात. नेमकं काय करू? सोबत गणिताच्या युनिट टेस्टचा फोटो पाठवते आहे.

उत्तर : ताई, तुम्ही पेपराचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, त्यातूनच सुरुवात करू. पहिली चार गणितं बेरजेची आहेत. चारही बरोबर, आकडे एकाखाली एक, हातचे नीट मांडलेले. पाचवं गणित ६०४ वजा २७८. त्यानं उत्तर लिहिलंय ८८२. म्हणजे वजाबाकी चुकलेली नाही, त्यानं बेरीज केली आणि ती बेरीज अगदी बरोबर आहे. चार वेळा बेरीज करून हात त्याच लयीत पुढे गेला, चिन्ह बदललं तिथे थांबला नाही. सातव्या शाब्दिक उदाहरणात एका पेटीत १८ आंबे, तर ८ पेट्यांत किती, असं विचारलंय. बाजूला कच्चं काम केलंय तिथे १४४ आलेत, उत्तराच्या ओळीत उतरवताना त्याचे ११४ झाले. आणि शेवटचं पान कोरंच आहे. त्या पानावरचे प्रश्न आधीच्या प्रश्नांहून सोपे आहेत, त्यामुळे त्याला ते येत नव्हते असं मला वाटत नाही. बहुधा पान उलटलंच गेलं नाही. वर लाल शाईत ‘केअरलेस’ असा शेरा आहे.

या मुलाला गणित येतं. एका प्रकारातून दुसऱ्याकडे वळणं, आत्ताच काढलेला आकडा चार इंच खाली नेईपर्यंत डोक्यात धरून ठेवणं आणि काम संपलं का हे स्वतःच तपासणं, या तीन ठिकाणी तो घसरतो. एडीएचडी कागदावर दिसतो तो असा. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षं मांडलंय : या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, माहीत असलेलं त्या क्षणी वापरता येत नाही. म्हणून ‘किती वेळा सांगितलं तुला, नीट बघून लिही’ हे रात्री साडेनऊला सांगून उपयोग होत नाही. त्याला ते ठाऊकच असतं. मदत लागते ती सकाळी साडेदहाला, बेंचवर, पाचव्या गणितापाशी. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे : जिथे घसरतो तिथे, घसरतो त्या वेळी आधार द्यायचा.

हा आळस नाही आणि तुमच्या संस्कारांचा दोषही नाही. २००७ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन काही वर्षं काढून तुलना केली. मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी वाढत वाढत एका टप्प्याला पोचते. तो टप्पा इतर मुलांत सरासरी साडेसातच्या सुमारास आला, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, आणि लक्ष टिकवणं, हात आवरणं, पुढचं योजणं हे काम त्याच भागाचं. बुद्धीचा इथे संबंध नाही. पण स्वतःला आवरण्याच्या बाबतीत तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाकडून सहा-सात वर्षांच्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवून बघा. पहिलीतल्या मुलाला आपण ‘जा, खोलीत बसून सगळा होमवर्क करून ये’ असं सांगत नाही ना? मग यालाही सांगायचं नाही.

सासूबाईंचं अर्धं म्हणणं खरं आहे. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून मुलामुलांमधल्या या फरकाचा ७० ते ८० टक्के वाटा जनुकांचा असल्याचं दिसतं. तेव्हा ‘बाप असाच होता’ ही महत्त्वाची माहिती आहे, डॉक्टरांना जरूर सांगा. मात्र ‘मोठा झाला की सुधारेल’ हे मला मान्य नाही. तुमच्या मिस्टरांनाच निवांतपणे विचारा, शाळेत त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं. अनेक वडील माझ्यासमोर बसून पहिल्यांदाच ते बोलतात आणि त्यानंतर मुलाशी त्यांचं वागणं बदलतं.

आता शाळा. क्लास टीचरना भेटा, पण पालकसभेच्या दिवशी भेटू नका. त्या दिवशी दाराबाहेर रांग असते आणि बाईंना प्रत्येकाला पाच मिनिटं देणंही जड जातं. वेगळी वेळ मागून घ्या, शाळेत समुपदेशक असतील तर त्यांनाही बसवा, रिपोर्टची प्रत न्या. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं असतात हे लक्षात ठेवून मोजकंच मागा. पंधरा सूचनांची यादी दिलीत तर एकही पाळली जाणार नाही. मी पालकांना तीनच गोष्टी मागायला सांगते.

पहिली, जागा. पुढचा किंवा दुसरा बेंच, दार-खिडकीपासून लांब, शेजारी शांत मूल. बाईंचा हात त्याच्या वहीपर्यंत पोचला पाहिजे, कारण पाचव्या गणितापाशी वहीवर बोटानं केलेली एक टकटक पुरते. त्यासाठी त्याचं नाव पुकारायची गरज नाही. उलट रोज दहा वेळा वर्गात नाव पुकारलं गेलं की महिन्याभरात इतर मुलं त्याला खेळात घेईनाशी होतात. हे नुकसान मार्कांपेक्षा मोठं आहे.

दुसरी, लिखाणाचा भार. फळ्यावरचं सगळं उतरवून घेणं या मुलांना अतिशय जड जातं. वर बघा, वाक्य डोक्यात धरा, खाली या, ओळ शोधा, लिहा, परत वर बघून जागा शोधा. प्रत्येक फेरीत काहीतरी गळतं. निम्मं उतरवलं तरी चालेल, उरलेल्याचा फोटो घरी मिळेल, एवढं कबूल करून घ्या. दहा गणितांऐवजी सहा नीट सोडवली तर बाईंना त्याला काय येतं ते कळतंच. चाचणीत पेपर घेताना ‘मागचं पान बघितलंस?’ एवढं विचारायला सांगा. चिन्हांभोवती आधी गोल करायची सवय तुम्ही घरी लावा : पेपर हातात आला की पहिली दोन मिनिटं पेन्सिलीनं फक्त चिन्हं गोल करायची, मग सोडवायला घ्यायचं.

तिसरी, रोजचं कार्ड. याच्यावर मी सर्वांत जास्त भर देते. वर्तनोपचारांत, म्हणजे सवयी आणि बक्षिसांतून वागणं बदलण्याच्या उपचारांत, याचा भरपूर अभ्यास झालेला आहे आणि याला खर्च शून्य. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या. त्यावर तीनच ओळी : ‘तास सुरू होताना वही-पेन्सिल बेंचवर काढली’, ‘दिलेलं काम अर्ध्याच्या पुढे नेलं’, ‘हात वर करून बोललो’. समोर तीन चौकोन : सुट्टीआधी, सुट्टीनंतर, शाळा सुटताना. बाईंनी फक्त बरोबरची खूण करायची. जमलं नाही तर चौकोन रिकामा, फुली नाही आणि शेराही नाही. नऊपैकी पहिल्या आठवड्यात त्याला सहा-सात सहज मिळतील अशीच वाक्यं निवडा. सुरुवातीलाच अवघड ठेवलंत तर तिसऱ्या दिवशी कार्ड दप्तराच्या तळाशी सापडेल.

बक्षीस त्याच संध्याकाळी द्या. ‘परीक्षेत चांगले मार्क मिळाले तर सायकल’ हे या मुलांच्या बाबतीत चालत नाही, मार्च महिना त्यांच्यासाठी दुसऱ्या जन्मात असतो. आजच्या सहा खुणांना आज रात्रीच काहीतरी हवं : बाबांबरोबर वीस मिनिटं कॅरम, रात्रीच्या जेवणाला काय करायचं ते ठरवायचा मान, खाली सायकलच्या चार चकरा जास्त. पैसे नकोत, मोबाईल शक्यतो नको. आणि एकदा मिळालेली खूण नंतरच्या कुठल्याही भांडणात काढून घेऊ नका, नाहीतर सगळ्या योजनेवरचा त्याचा विश्वास उडतो. तीन-चार आठवड्यांनी बक्षिसं जुनी होतात, बदलत राहा.

वर्गात हालचाल लागतेच. वह्या वाटणं, ऑफिसात रजिस्टर पोचवणं, फळा पुसणं ही कामं बाईंनी त्याला द्यावीत. शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा पीटीचा तास काढून घेणं मात्र थांबवायलाच हवं. जे मूल बसू शकत नाही त्याची पळायची एकुलती एक वेळ काढून घेतली तर पुढचे दोन तास बाईंनाच जड जातात. मारणं, बाकावर उभं करणं, टोचून बोलणं असे प्रकार होत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. पहिल्या भेटीत कायदा काढू नका, पण तो तुम्हाला ठाऊक असावा.

घरचा अभ्यास तीन तास चालतो, याचा अर्थ पहिल्या चाळीस मिनिटांनंतर अभ्यास संपलेला असतो आणि उरतं ते भांडण. तुम्ही सातला येता, दोघंही थकलेले असता. माझा सल्ला आहे, लिखाणाचा मोठा भाग तुम्ही यायच्या आधी, आजीच्या सोबतीनं उरकायचा. आजींना शिकवायचं नाही. फक्त शेजारी बसायचं, हवं तर भाजी निवडत. शेजारी शांतपणे काम करणारं माणूस असलं की या मुलांची गाडी रुळावर राहते. शाळेतून आल्यावर आधी खाणं, मग अर्धा तास तरी पळापळ. पावसाळ्यात सेक्टरातलं गार्डन बंद पडतं, तेव्हा बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोरीच्या उड्या, जिन्याचे पाच मजले वर-खाली, काहीही चालेल. मग टीव्ही बंद, टेबलावर एकच वही आणि एकच पेन्सिल. कंपास बॉक्स बाजूला ठेवायचा, नाहीतर कर्कटकाशी पंधरा मिनिटं जातात.

बारा ते पंधरा मिनिटांचा डाव लावा, टायमर त्याला दिसेल असा ठेवा. काटा सरकताना दिसणारं घड्याळ मोबाईलपेक्षा चांगलं, कारण वेळ किती उरली हे त्याला आतून कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. डाव संपला की तीन-चार मिनिटं उठायचं, पाणी प्यायचं, परत बसायचं. असे तीन डाव झाले की चौथीच्या मुलासाठी वही बंद. उरलं असेल तर डायरीत ‘आज पंचेचाळीस मिनिटं मन लावून केलं, इथवर झालं’ असं तुम्ही लिहा आणि सही करा. बाईंशी हे आधी बोलून ठेवलेलं असलं की शेरा येत नाही. ज्या दिवशी तुम्हाला रडू येतंय त्या दिवशी दुसऱ्या डावानंतरच थांबा. तुमच्या दोघांमधलं नातं होमवर्कहून जास्त दिवस टिकवायचं आहे.

दप्तर रात्रीच भरायचं, तुम्ही शेजारी उभ्या राहून, पण त्याच्या हातानं. अशा मुलाचं दप्तर मी उघडलं की साधारण हेच निघतं : चुरगळलेलं सहलीचं सर्क्युलर, टोक नसलेल्या पेन्सिली, तीन खोडरबर, परवाचा डबा आणि नको त्या वारच्या वह्या. प्रत्येक विषयाला एक रंग द्या, वहीच्या पाठीवर त्या रंगाची पट्टी चिकटवा, टाइमटेबलात तोच रंग भरा. सर्क्युलरसाठी एकच प्लास्टिकचं फोल्डर ठेवा. दाराच्या आतल्या बाजूला चित्रांसह यादी लावा : बूट, बाटली, डबा, आयकार्ड. सकाळी व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत असताना तुम्ही ओरडण्यापेक्षा त्याला ‘दारावर बघ’ म्हणा.

गोळ्यांबद्दलची भीती मी समजू शकते, म्हणून सविस्तर सांगते. मी मानसशास्त्रज्ञ आहे, औषधं लिहून देत नाही, पण ती घेणारी मुलं बरीच वर्षं जवळून बघते आहे. सर्वाधिक वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. साधारण सहा वर्षांपुढच्या मुलांना ते देतात आणि सुमारे ७० टक्के मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होऊन चारेक तास टिकतो, परिणाम लांबवणारी गोळी शाळेचा बहुतेक दिवस पुरते. ते मनोविकारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक केमिस्टकडे नसतंही, त्यामुळे संपण्याच्या आठवडाभर आधी सोय करा. ते जमलं नाही तर ॲटोमॉक्सेटिनसारखा वेगळ्या जातीचा पर्याय असतो, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.

त्रास कोणते? भूक मंदावते, डबा तसाच परत येतो. झोप उशिरा लागू शकते, पोट किंवा डोकं दुखू शकतं, काही मुलं जास्तच गप्प होतात. गप्प, हरवल्यासारखं मूल दिसलं तर डोस बहुधा जास्त झालाय, लगेच कळवा. सकाळी गोळीआधी पोटभर खाऊ घाला, थालीपीठ-दही, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, जे आवडेल ते. रात्री भूक परत येते तेव्हा नीट जेवू द्या. उंची, वजन, नाडी, रक्तदाब दर काही महिन्यांनी तपासायला हवेत. घरात लहान वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू झाला असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात मुलाला सहसा व्यसन लागत नाही.

१९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांनंतर, काळजीपूर्वक दिलेल्या औषधांनी मूळ लक्षणं नुसत्या वर्तनोपचारांपेक्षा जास्त कमी झालेली दिसली. दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना डोस थोडा कमी पुरला आणि आई-वडिलांशी संबंधासारख्या बाबतींतही फायदा झाला. पुढे तीन वर्षांनी मात्र गटांमधले फरक पुसट झाले होते. माझं मत यावरून असं बनलंय की गोळी मुलाला बेंचवर उपलब्ध करून देते. तो उपलब्ध झाल्यावर त्याला काय मिळतं, ते कार्डावर, बाईंवर आणि तुमच्यावर ठरतं. तुमच्या मुलाच्या पेपरावरून आणि डायरीवरून मी म्हणेन, डॉक्टरांचं ऐका, करून बघा. सुरू करताना बाईंना नेमकी तारीख सांगू नका, दोन-तीन आठवड्यांनी त्यांचं मत विचारा. असं मत जास्त खरं येतं.

काही तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या. नजर आणि ऐकणं. रात्री घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, कारण ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढून झोप मोडत असली तरी दिवसा हेच दिसतं. रक्तातलं लोह. आणि सर्वांत महत्त्वाचं, अध्ययन अक्षमता आहे का. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन, लेखन किंवा गणिताची वेगळी अडचणही असते, आणि ती सुटून गेली तर नुसत्या गोळीनं मार्क वाढत नाहीत. साधारण आठ वर्षांपुढे हे मूल्यमापन नीट करता येतं, म्हणजे तुमची वेळ योग्य आहे. मुंबईत सायन आणि नायर या महापालिका रुग्णालयांत यासाठी केंद्रं आहेत, तिथे प्रतीक्षा असते, म्हणून आत्ताच नाव नोंदवा. तुमच्या जवळ वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या केंद्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. समुपदेशनासाठी ठाण्यात नौपाड्याची आयपीएच संस्था आहे. कोणती सेवा कुठे सध्या मिळते ते जाण्याआधी फोन करून विचारा.

हे आत्ता का? दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या (२०१६) २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. नुसत्या एडीएचडीच्या निदानावर त्या मिळतीलच असं धरून चालू नका, शाळेमार्फत बोर्डाला लेखी विचारा. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ करणारे पालक मी दरवर्षी बघते.

साखर बंद करणं, स्मरणशक्तीची चूर्णं, मेंदू ‘जागा करणारे’ म्हणवणारे मिडब्रेनचे कोर्स यांवर पैसे घालवू नका. साखरेनं चंचलता वाढते हे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. क्लासच्या सरांनी काढलं ते एका अर्थी बरंच झालं. दिवसभर बसून आलेल्या मुलाला वीस जणांत आणखी दोन तास बसवणं त्याला झेपणारं नव्हतं. तेच पैसे आठवड्यातून दोनदा, समोरासमोर, पाऊण तास शिकवणाऱ्या रेमेडियल (अडलेलं वेगळ्या पद्धतीनं शिकवणाऱ्या) शिक्षिकेला द्या. आणि त्याला एक खेळ लावा. स्केटिंग, पोहणं, कराटे, कबड्डी, जे त्याला आवडेल ते. क्रिकेटमध्ये लाँग-ऑनला उभं राहून वाट बघण्यापेक्षा सतत हलवणारा खेळ बरा.

त्याला स्वतःला काय सांगायचं? सरळ सांगा. ‘तुझा मेंदू पटापट पळतो, थांबवायचा ब्रेक अजून तयार होतोय, म्हणून आपण कार्ड वापरतो.’ एवढं पुरतं. दिवसभर त्यानं ‘नीट बस’, ‘किती वेळ’, ‘परत तेच’ हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की घरी तुम्ही मुद्दाम पकडून कौतुक केलं पाहिजे. तेही ‘शहाणं बाळ’ असं मोघम नको. ‘चिन्हं गोल केलीस, म्हणून वजाबाकी बरोबर आली’ असं नेमकं हवं.

शॅडो टीचरची गरज मला तुमच्या माहितीवरून दिसत नाही. तो वर्ग सोडून पळत नाही, कुणाला इजा करत नाही, त्याला विषय समजतात. शेजारी कायम मोठं माणूस बसलं की इतर मुलं त्या मुलाशी बोलणं टाळतात. आधी कार्ड सहा आठवडे चालवून दाखवू द्या, अशी विनंती करा आणि ती ईमेलनं करा, म्हणजे नोंद राहते. शाळा बदलायची असेल तरी मध्येच नको, वर्ष पूर्ण होऊ द्या. या सहा आठवड्यांत बाईंनी कार्डावर खुणा केल्या, जागा बदलली, तर ही शाळा सोडू नका. अनोळखी चांगल्या शाळेपेक्षा त्याला ओळखणाऱ्या बाई जास्त मोलाच्या. पण कार्ड रोज कोरंच परत येत असेल, आणि मुलाच्या पोटात रविवारी संध्याकाळपासून दुखायला लागत असेल, तर बदला. नवी शाळा बघताना वर्गात मुलं किती, पूर्णवेळ समुपदेशक आणि विशेष शिक्षक आहेत का, गेल्या वर्षी अशा मुलांसाठी काय केलं, हे प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी विचारा. रिपोर्ट लपवून प्रवेश घेऊ नका.